अरुगम बेच्या नानांना

प्रिय नाना,

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तुमच्या वस्तीत लहानथोर सगळे तुम्हाला नाना म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. निघताना आभार मानले, घरी पोहोचल्यावर फोनवरही मानले, पण मोडक्यातोडक्या इंग्रजीत मनासारखं बोलता आलं नाही. म्हणून आज माझ्या भाषेत, चारचौघांसमोर लिहिते आहे. माझी लेक तुम्हाला याचं इंग्रजी करून ऐकवणार आहे.

आमची मागणी फार मोठी नव्हती. मुलीला सर्फिंगचे पहिले धडे घ्यायचे होते. पंचाहत्तरीतल्या बाबांना पक्षी बघायचे होते. मला हॉटेलांच्या रांगा नसलेला, मागे जंगल असलेला किनारा हवा होता. आणि हे सगळं शाळा उघडायच्या आत, जूनच्या सुरुवातीला जमायला हवं होतं.

पुण्यात ज्या ज्या ट्रॅव्हलवाल्यांकडे गेले, त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, हाच ठरलेला कागद प्रत्येकाने पुढे सरकवला. जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या बेंटोटाचा समुद्र कसा असतो, असं विचारलं की उत्तर एकच, "नो प्रॉब्लेम मॅडम, मस्त असतो." एकाने तर बाबांकडे बघून, "आजोबांना हॉटेलात बसवा, टीव्ही असतो," असं सांगितलं. बाबा तिथेच शेजारी बसले होते. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

तुमचा नंबर एका ओळखीच्या मुलाने दिला. पहिल्याच फोनवर तुम्ही सांगितलंत की तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वारा बेटाच्या पश्चिम बाजूवर आदळत असतो, तिथे पाण्यात उतरायचं नाही. मधल्या डोंगरांवर पाऊस सांडून वारा पूर्वेकडे कोरडा होऊन येतो. सह्याद्री उतरून देशावर आलं की पाऊस जसा हात आखडता घेतो, तसंच. म्हणून पश्चिमेला कोकणासारखा पाऊस कोसळत असताना तुमच्या शेजारच्या पोट्टुविलच्या बाजूला ऊन असतं, आणि दक्षिणेच्या महासागरातून निघालेल्या लाटा भूशिराला वळसा घालून नेमक्या याच महिन्यांत तुमच्या किनाऱ्याला लागतात. साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर. इतकी साधी गोष्ट सांगायला पैसे पडत नाहीत, तरी कुणी सांगितली नव्हती.

पण हे पत्र त्या माहितीसाठी नाही.

मी तुम्हाला विचारलं होतं, "माझी मुलगी तलावात पोहते, समुद्रात कधी उतरलेली नाही. तिला तिथे चालेल का?" क्षणभर थांबून तुम्ही म्हणालात, "आत्ता नाही सांगता येणार. उद्या बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ आला. बेबी पॉइंटचा, म्हणजे नवशिक्यांच्या लाटांचा किनारा, कोवळं ऊन, आणि पाण्यात उभी तुमची धाकटी लेक. शाळेला निघालेली असावी. बुटांची जोडी तिने एका हातात उंच धरली होती. तुम्ही मागून सांगत होतात, "इथवर वाळू. त्या होडीच्या रेषेपलीकडे खडक, तिकडे मेन पॉइंट, तिकडे तिला न्यायचं नाही." मग म्हणालात, "आता जरा थांबा." आणि व्हिडिओ चालूच राहिला. कितीतरी वेळ काहीच घडत नव्हतं. गुडघाभर पाणी येत होतं, जात होतं. मी मोबाईल खाली ठेवणार, इतक्यात एकामागून एक मोठ्या लाटा आल्या. पाणी तिच्या छातीपर्यंत चढलं, ती दोन पावलं मागे रेटली गेली, बूट डोक्यावर धरून खळखळून हसली. तुम्ही म्हणालात, "हे सगळ्यात मोठं पाणी. तुमची मुलगी हिच्याहून बुटकी असेल तर खांद्यापर्यंत धरा. आता तुम्ही ठरवा."

नाना, शांत समुद्राचे फोटो मला सगळ्यांनी पाठवले होते. मोठी लाट येईपर्यंत थांबून ती दाखवणारे तुम्ही एकटे. पाहुणे येणार की नाही याचाच पत्ता नाही, आणि तुम्ही शाळेच्या वेळेला पोरीला पाण्यात उभं केलंत, कारण लांबच्या एका आईला खरं काय ते कळायला हवं होतं. तो व्हिडिओ बघून मी रडले. भीती गेली म्हणून नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझा प्रश्न मनावर घेतला होता.

आगाऊ रक्कम किती पाठवू, विचारलं तर म्हणालात, "आधी या, समुद्र बघा, मग राहायचं ठरवा." वर हेही बजावलंत की लाहुगलाच्या जंगलातला रस्ता अंधार पडायच्या आत ओलांडा, तिथे हत्ती रस्त्यावर येतात. आणि पोट्टुविलच्या खाडीत पाय सोडून बसायचं नाही, मगरी आहेत. कोलंबोहून येताना आम्ही घड्याळाकडे बघत प्रवास केला आणि उजेडात पोहोचलो.

कुमना राष्ट्रीय उद्यानात गेलो त्या दिवशी तुम्ही जीपवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतंत, बिबट्याच्या मागे पळायचं नाही, आजोबांना पक्षी बघायचे आहेत. ओकांडाच्या फाटकातून आत गेल्यावर बाकीच्या जीप धुरळा उडवत पुढे गेल्या. आमच्या ड्रायव्हरने तिवरांच्या तळ्याकाठी इंजिन बंद केलं आणि तो निवांत बसून राहिला. चित्रबलाक, चमचे, पाणकावळे, एकेका झाडावर घरट्यांची नुसती दाटी. 1938 पासून राखलेलं हे पक्ष्यांचं ठिकाण श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कितीतरी वर्षं बंद होतं, हे बाबांना ड्रायव्हरनेच सांगितलं. बाबा दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हते. ज्यांना टीव्हीसमोर बसवायचं होतं ते हेच आजोबा.

2004 च्या त्सुनामीत तुमच्या किनाऱ्याचं काय झालं, त्याबद्दल तुम्ही आपणहून एक अक्षर बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण समुद्राबद्दल खोटं बोलायचं नाही, हे तुमच्यात कुठून आलं असेल, असं मला सारखं वाटत राहिलं. माणसाचं चांगुलपण मोठमोठ्या कामांत शोधायची आपल्याला सवय असते. "उद्या बघून सांगतो" म्हणणारा आणि दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन बघणारा माणूस भेटणं किती दुर्मीळ आहे, हे त्या ट्रॅव्हलवाल्यांचे उंबरे झिजवल्यावरच कळतं.

मुलगी फळीवर उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. तुमच्या लेकीने तिला पाय कुठे ठेवायचा ते शिकवलं. दोघींची आता रोज मेसेजवर बडबड चालते, ती आम्हाला वाचायची परवानगी नाही.

बाबांनी पुढच्या वर्षीचा बेत आखून ठेवला आहे. तिकडच्या कोरड्या दिवसांत लाहुगलाचं तळं आटायला लागलं की गवतासाठी हत्तींचे कळप तिथे उतरतात, ते त्यांना बघायचं आहे. ऑगस्टसाठी तीच खोली, दारात चिंच असलेली, आमच्यासाठी धरून ठेवा. आणि या खेपेला आगाऊ रक्कम घ्यावीच लागेल, मी काही ऐकणार नाही.

तुमची बहीण,
पुण्याहून