आधी एकट्याने, मग गटाने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सत्र संपत आलं की झेरॉक्सच्या दुकानांत गटप्रकल्पांच्या चळती लागतात. मुखपृष्ठावर पाच नावं, आत एकाच हाताचं काम. मी चोवीस वर्षं सोलापुरात पदार्थविज्ञान शिकवते. अशा कित्येक प्रकल्पांवर मीही सही केली आहे.

तीन वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेला एका गटाला विचारलं, "आलेखाच्या उभ्या अक्षावर काय घेतलंय?" चौघं पाचव्या मुलीच्या तोंडाकडे बघू लागली. तिची आई विड्या वळते. आईच्या सुपाशेजारी बसून रात्री जागून सगळा अहवाल या मुलीनेच लिहिला होता. गुण मात्र पाचही जणांना सारखेच द्यावे लागले. ती काही बोलली नाही, पण माझी झोप उडाली.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. ती माझी नव्हे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेल्सन यांचा वर्ग ४० वरून १२० विद्यार्थ्यांवर गेला, तेव्हा त्यांनी ती बसवली. मुलांनी धडा घरी वाचून यायचं. वर्गात आधी प्रत्येकाने एकट्याने छोटी चाचणी सोडवायची, मग तेच प्रश्न गटाने चर्चा करून सोडवायचे. दोन्हींचे गुण धरायचे. गट मास्तरांनी पाडायचे आणि ते सत्रभर मोडायचे नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे, कारण मैत्रीतून पडलेल्या गटात हुशार एकीकडे आणि बुजरे दुसरीकडे राहतात.

एकदा विचारलं, ६० आणि १०० वॅटचे जुने पिवळे बल्ब एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडले तर कोणता जास्त उजळेल? एकट्याने लिहिताना बहुतेकांनी १०० लिहिलं. गटात बसल्यावर कधीच हात वर न करणारा एक मुलगा शेजारणीला तेलुगूत सांगू लागला: प्रवाह दोन्हींतून सारखाच, मग ज्याचा रोध जास्त त्यात उष्णता जास्त, आणि रोध ६०च्या बल्बचा जास्त. तिने ते मराठीत बाकीच्यांना सांगितलं. एकाला ते पटेना. "मग घरी १००चाच कसा जास्त उजळतो?" त्या एका हट्टापायी घरातली समांतर जोडणीही तिथंच उलगडली. दहा मिनिटं मी गप्प उभी होते. शेवटी बल्ब लावून दाखवले, तर १००ची तार जेमतेम लाल झाली. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो.

आपल्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं एका बाकावर असतात आणि पुस्तक इंग्रजीत असतं. फळ्यापाशी उभं राहून मी चार भाषांत सांगू शकत नाही. शेजारी सांगू शकतो. पण त्याने आधी स्वतः डोकं चालवलेलं असलं तरच. मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे बंधू सहकारी अध्ययनाबद्दल हेच सांगत आले: एकमेकांवाचून अडलं पाहिजे आणि प्रत्येकाने आपापला हिशेबही दिला पाहिजे. आपण पहिली अट धरतो, दुसरी सोडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यावर क्षेत्रप्रकल्प आणि अंतर्गत मूल्यमापन वाढलं आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी स्थापन झालं. एवढ्या आटोपशीर क्षेत्रात नियम करणं अवघड नाही. गटाच्या गुणांना वैयक्तिक चाचणीची जोड सक्तीची करावी आणि सोबत्यांनी गुप्तपणे दिलेल्या मतालाही काही गुण ठेवावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक. आमच्या वर्गातले बाक जमिनीला ठोकलेले आहेत. गटचर्चेला पुढच्या बाकावरची मुलं तासभर मान वळवून बसतात, आणि त्यातलं एखादं हळूच समोर तोंड करून गप्प होतं. संस्थांनी निदान नव्या वर्गांत तरी सुटे बाक घ्यावेत.

आपली,
पदार्थविज्ञानाची एक प्राध्यापिका, सोलापूर