पदकाची कड बघा, मग मोडीत द्या

महोदय,

दिवाळीची साफसफाई निघाली की भंगारवाले दारावर येतात, म्हणून हे पत्र आताच लिहितो आहे.

आमच्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेले. कुठे आणि कधी, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. आजी 'बर्माला गेले' म्हणायची, तेच आम्हीही म्हणत आलो. तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला वाढायचं. चौकशीला एका कार्यालयात गेलो, तर 'स्वातंत्र्याच्या आधीचं आमच्याकडे काही नाही' एवढं ऐकून परतलो.

पत्र्याच्या पेटीत त्यांचं एक पदक होतं. वडिलांनी अडचणीच्या दिवसांत ते सराफाकडे नेलं होतं. चांदी नाही म्हणून त्यानं परत केलं, नाहीतर तेव्हाच वितळलं असतं. मी चिंच लावून घासलं (जाणकार म्हणतात, असं करू नये) आणि कडेवर बारीक अक्षरं दिसू लागली: शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव, मराठा पलटण. त्या युद्धात ब्रिटिश शिपायांना दिलेल्या पदकांवर नावं नसत, हिंदी सैन्याच्या पदकांवर मात्र ठोकत. हे मला मागाहून कळलं.

महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नातीनं आडनाव टाकून पाहिलं, काही मिळेना. क्रमांक टाकला आणि नाव समोर! आडनावाच्या शेवटी 'व्ही'च्या जागी 'ओ' लागलेला. जिल्हा 'शोलापूर', आणि गाव असं लिहिलंय की मोहोळ तालुक्यातल्या माणसानंही ओळखू नये. मृत्यू डिसेंबर १९४४, इटली. फोर्लीच्या युद्धस्मशानात, दहन झालेल्या हिंदी सैनिकांच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. कुठं बर्मा, कुठं इटली! त्याच देशात त्याच वर्षी १० जुलैला नाईक यशवंत घाडगे पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते नाव मला ठाऊक होतं, घरातलं ठाऊक नव्हतं.

तारीख गुरुजींना दिली आहे, तिथी काढून देतो म्हणालेत.

तेव्हा ज्यांच्या घरी असं काळवंडलेलं पदक असेल त्यांनी मोडीत द्यायच्या आधी भिंग घेऊन कड बघावी. चांदणीच्या आकाराचं असेल तर मागची बाजू बघावी. नावाच्या भानगडीत पडू नका, क्रमांक उतरवून घ्या.

माझी एक अडचण राहिली आहे. कमिशनच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या पणजोबांचं, नाव चुकलं आहे. दुरुस्तीसाठी पुरावा मागतात, आणि आमच्याकडे आहे तो जुना सातबाराचा उतारा. अशी दुरुस्ती कुणी करून घेतली असेल तर कोणते कागद चालले, ते कृपया याच सदरात कळवावं.

एक वाचक, साखर पेठ, सोलापूर