दुर्बीण बाहेर काढावी लागली तर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, पोटाला बारीक भोके पाडून आत दुर्बीण घालून करायच्या शस्त्रक्रियेवरचा ‘सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी’ हा सर्जनसाहेबांचा लेख वाचला. लेख छान आहे. छायाचित्र त्याहून छान: हसतमुख बाई आणि पोटावर तीन चिमुकल्या पट्ट्या. आमच्या वहिनींच्या नजरेस पडू नये म्हणून ते पान मी तेवढे बाजूला काढून ठेवले आहे.

वहिनींच्या पित्ताशयात खडे होते. लग्नसराईत दुखणे अंगावर काढले आणि ताप, उलट्या सुरू झाल्यावर दाखल झाल्या. दुर्बिणीतून करायचे ठरले. आत नेऊन तासभर झाला असेल, सर्जन स्वतः बाहेर आले आणि दादांना म्हणाले, “सूज फार आहे, सगळं एकमेकाला चिकटलंय. कुठली नळी कापायची ते स्वच्छ दिसत नाही. पोट उघडून करतो.” उजव्या बरगडीखाली वीतभर छेद आणि आठवडाभर मुक्काम. वहिनी आता ठणठणीत आहेत, वाटणघाटण स्वतः करतात.

पण त्या सर्जनच्या पदरात काय पडले? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न: “दुर्बिणीनं जमलं नाही वाटतं डॉक्टरला?” एक मावसभाऊ तर म्हणाला, पुण्याला नेलं असतं तर तीन भोकांत काम झालं असतं. आमचे दादाही त्याच्या नादी लागून डॉक्टरांशी धड बोलेनात. पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकेला कात्री लागली तर कावीळ होते आणि आतड्याला नलिका जोडायची आणखी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, हे माझ्या भूलतज्ज्ञ भाच्याने समजावले तेव्हा कुठे घर शांत झाले. दिसत नसताना हात आवरणारा सर्जन मिळाला म्हणून पेढे वाटायचे, तर आम्ही तोंड फिरवून बसलो होतो!

पानभर लेखात ‘प्रसंगी पोट उघडावे लागते आणि ते अपयश नव्हे’ एवढे एक वाक्य मावले नाही? संमतिपत्रात ते लिहिलेले असते म्हणे. असते ना! इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, आणि सही घेतात ती रात्री सलाईन लावायच्या गडबडीत.

विमावाल्यांचे तर विचारूच नका. मंजुरी दुर्बिणीच्या पॅकेजची, मग मुक्काम का वाढला, अशी विचारणा. सर्जननी स्वतःच्या हाताने पत्र लिहून दिले, तरी काही रक्कम दादांच्या खिशातून गेलीच. डिस्चार्जचा अख्खा दिवस बिलाच्या खिडकीपाशी. तिथल्या मुलीने विचारले, “काका, ती फेल गेलेली केस तुमचीच ना?” वहिनी शेजारीच व्हीलचेअरवर होत्या.

लेखात ‘वेदनारहित’ हा शब्द किती वेळा आला ते मोजायचे मी सोडून दिले. पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यामुळे नंतर एकदोन दिवस खांदा दुखू शकतो, हे कोण सांगणार? शेजारच्या काकूंची शस्त्रक्रिया अगदी सुरळीत झाली होती, तरी रात्री खांदा असा ठणकला की हार्ट अटॅक समजून घरच्यांनी रिक्षा बोलावली.

आणखी एक. हे तंत्र देशात कॉर्पोरेट रुग्णालयांनी आणले, असे लेखक लिहितात. अहो, भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. जे. जे. म्हणजे सरकारी, केसपेपर काढून बाकड्यावर बसायचे ते. पोटात दुर्बीण घालून निदान करायचे काम तर ते तिथे १९७२ पासून करत होते. सरकारने या माणसाला २०१७ साली पद्मभूषण दिले. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले तेव्हा आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळी होत्या, त्यातही आडनाव चुकले होते. तेव्हाही मी पत्र पाठवले होते. छापले नाहीत.

लेखाखाली रुग्णालयाचा फोन नंबर मात्र ठळक आणि बिनचूक छापला आहे. तेव्हा तो लेख होता की जाहिरात, एवढे कळवावे. जाहिरात असेल तर हे पत्र कृपया त्या विभागाकडे पाठवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज