बहिष्कार एर्जानवर घाला, लेड्रा स्ट्रीटवर नको

महोदय,

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला आणि मुंबईतल्या अनेक टूरवाल्यांनी इस्तंबूलच्या सहली गुंडाळल्या. जूनमध्ये पंतप्रधान सायप्रसला जाऊन आले. तेव्हापासून सायप्रसची सहल ठरवणारे एक प्रश्न हमखास विचारतात : बेटाचे दोन भाग करणाऱ्या रेषेपलीकडच्या, तुर्की फौजेच्या ताब्यातल्या उत्तर भागात जायचे, की त्यावर बहिष्कार घालायचा? व्हॉट्सॲपवर तर ‘तिकडे पाऊलही टाकू नका’ असा फतवाच फिरतो आहे. राग समजण्यासारखा आहे, पण त्याचा नेम चुकतो आहे. तिकडे जाण्याचे मार्ग निरनिराळे आहेत आणि प्रत्येक मार्गाने पैसा वेगळ्या खिशात जातो.

जुलै १९७४ मध्ये अथेन्सच्या लष्करी राजवटीने घडवलेले बंड, त्यावर पाच दिवसांत उतरलेली तुर्की फौज आणि बेटाचा साधारण ३६ टक्के भाग तिच्या ताब्यात, एवढे बहुतेकांना माहीत असते. १९८३ साली तिथे जाहीर झालेल्या ‘प्रजासत्ताका’ला एकट्या तुर्कस्तानची मान्यता आहे, भारताची नाही. दोन भागांमधला संयुक्त राष्ट्रांचा राखीव पट्टा, म्हणजेच ही रेषा, सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. १९७४च्या धुमश्चक्रीत तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख आपले दिवाण प्रेमचंद होते, आणि त्याआधी हेच काम करताना जनरल थिमय्यांना डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच मृत्यू आला. म्हणजे या रेषेशी आपला संबंध कालपरवाचा नाही.

आता मार्गांकडे वळू. पहिला मार्ग उत्तरेतल्या एर्जान विमानतळाचा. तुर्कस्तानखेरीज कुठल्याही देशातून तिथे थेट विमान जात नाही. प्रत्येक विमान तुर्कस्तानात टेकूनच येते. सायप्रस सरकारने उत्तरेतली बंदरे आणि विमानतळ १९७४ पासूनच प्रवेशासाठी बंद ठरवले आहेत. तिथून उतरलेला भारतीय प्रवासी सरकारच्या लेखी बेकायदा आलेला असतो. उत्तर-दक्षिणेमधल्या नाक्यावर दक्षिणेचे पोलीस पासपोर्टात दक्षिणेतल्या लार्नाका किंवा पाफोस विमानतळाचा शिक्का शोधतात. तो नसेल तर माघारी पाठवतात. उलटी चूकही होते. लार्नाकाला उतरून परतीचे विमान स्वस्त मिळाले म्हणून एर्जानहून पकडले, तर सरकारी नोंदीत तुम्ही देशात शिरलात, पण बाहेर पडलाच नाहीत. पुढच्या व्हिसाच्या अर्जात याचा खुलासा करत बसावे लागते. तुर्कस्तानला पैसा द्यायचा नसेल तर बहिष्काराची खरी जागा ही आहे, आणि इथे तो शंभर टक्के पाळावा.

दुसरा मार्ग तिथे जमीन-घर विकत घेण्याचा, आणि सगळ्यात जास्त फसगत याच मार्गावर होते. उत्तरेतल्या किरेनियाच्या किनाऱ्यावरचे बंगले आणि फ्लॅट ‘भूमध्य समुद्रकाठी, युरोपात, पनवेलच्या दरात’ अशा थाटात विकले जातात. तिथल्या मालकीच्या कागदाला कोचान म्हणतात. आपल्या सातबाऱ्यासारखाच तो मागून घ्यायचा आणि वाचायचा असतो. प्रकार मुख्यतः तीन. १९७४ पूर्वीपासून तुर्की सायप्रियटांच्या, म्हणजे बेटावरच्याच तुर्की भाषकांच्या (किंवा परदेशी माणसाच्या) नावावर असलेली जमीन, हा पहिला. दुसरा ‘एशदेअर’ : दक्षिणेत जमीन सोडून आलेल्याला तिच्या बदल्यात मिळालेली, पण मुळात १९७४ मध्ये दक्षिणेत विस्थापित झालेल्या ग्रीक सायप्रियटाची, म्हणजे बेटावरच्या ग्रीक भाषकाची. तिसरा ‘तहसिस’ : तिथल्या प्रशासनाने नुसती वाटून टाकलेली, बहुतेक वेळा तुर्कस्तानातून आणून वसवलेल्यांना. दलाल तिन्हींना ‘क्लिअर टायटल’ म्हणतो. पहिला सोडला, तर उरलेल्या दोन्हींचा मूळ मालक दक्षिणेत जिवंत असतो, नाहीतर त्याचे वारस असतात, आणि सायप्रसच्या सरकारी दफ्तरात जमीन आजही त्यांच्याच नावावर असते.

याचे परिणाम कागदावर राहत नाहीत. लापिथोस गावात अशा जमिनीवर पोहण्याच्या तलावासह बंगला बांधणाऱ्या ब्रिटिश दांपत्याला निकोसियाच्या कोर्टाने तो पाडून जमीन परत करायला आणि भरपाई द्यायला सांगितले. तो निकाल ब्रिटनमध्येही बजावता येतो, असे युरोपीय न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे प्रश्न त्यांच्या इंग्लंडमधल्या घरापर्यंत पोचला. त्याआधी, १९९६ साली, किरेनियाच्या टिटिना लोइझिदू यांच्या खटल्यात मानवी हक्क न्यायालयाने त्याच मूळ मालक असल्याचे मान्य केले आणि तुर्कस्तानला पुढे भरपाई मोजावी लागली. दुसऱ्याच्या जमिनीचा असा व्यवहार करणे हा सायप्रसच्या कायद्यात सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीत चुलत्याचे नाव राहिले तर तीन पिढ्या कोर्टात जातात; इथे तर अख्खे गाव चुलत्याचे आहे.

हॉटेलालाही हीच कसोटी. किरेनिया आणि लापिथोसच्या पट्ट्यात १९७४ पूर्वी वस्ती मुख्यतः ग्रीक सायप्रियटांची होती, त्यामुळे तिथे मुक्काम टाळलेला बरा. कॅसिनो हॉटेले तर नकोतच. तुर्कस्तानने १९९८ मध्ये आपल्याकडचे कॅसिनो बंद केले आणि तो धंदा समुद्र ओलांडून इकडे आला. फामागुस्ताजवळचे वरोशा हे १९७४ पासून कुंपणात पडलेले उपनगर. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा काही भाग सहलीसाठी उघडला, आणि आता लोक पडक्या हॉटेलांमधून भाड्याच्या सायकली फिरवतात. मूळ रहिवाशांखेरीज कोणी तिथे वसणे सुरक्षा परिषदेने १९८४च्या ठराव ५५० मध्ये अमान्य ठरवले आहे. दुसऱ्याच्या ओसाड घरापुढे सेल्फी काढायला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उरला तिसरा मार्ग, पायी जाण्याचा. निकोसियाची लेड्रा स्ट्रीट एप्रिल २००८ मध्ये खुली झाली. हा नाका फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. बूट-कपड्यांची दुकाने आणि कॅफे यांच्या मधोमध दक्षिणेच्या पोलिसांची खिडकी, मग राखीव पट्ट्यातली बंद पडलेली घरे, आणि दीड-दोन मिनिटांवर पलीकडची खिडकी. दोन्हीकडे मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. ग्रुपमध्ये पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवण्याची सवय असते, ती इथे नडते. पलीकडचा शिक्का नको असेल तर पासपोर्टवर मारू नका, असे आधीच सांगावे. सैनिक, चौक्या आणि पट्ट्यातल्या भिंती यांचे फोटो काढू नयेत. फोनचे नेटवर्क आपोआप निवडू देऊ नका. जुन्या शहरात दक्षिणेच्या बाजूला उभे असतानाही तो पलीकडचे नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचे बिल वाढते. भाड्याची गाडी दुसऱ्या नाक्यावरून नेणार असाल तर दक्षिणेचा विमा तिकडे चालत नाही. नाक्यावर मिळतो तो फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे तुमच्या गाडीचे नुकसान तुमच्याच माथी. परतताना दक्षिणेचे कस्टम २६० युरोपर्यंतचा माल, ४० सिगारेटी आणि एक लिटर मद्य एवढेच सोडते. नकली ब्रँडच्या बॅगा जप्त होतात.

पलीकडे गेल्यावर खर्च कुठे करायचा? नाक्यापासून थोड्या अंतरावर ब्युयुक हान आहे, १५७२ मध्ये बांधलेली दुमजली सराई. मधल्या चौकात खांबांवर उचललेली चिमुकली मशीद, भोवती कमानींमागे खोल्या. त्या खोल्यांत आता कारागिरांची दुकाने आहेत, लेफ्काराची लेस विणणाऱ्या बायका तिथे बसलेल्या दिसतात. जागा एवकाफची, म्हणजे आपल्याकडच्या वक्फची. कुणा विस्थापिताची नव्हे. हेल्लिम चीज घ्या, कॅरोबच्या शेंगांचा काकवीसारखा पाक घ्या. डबाबंद तुर्की मिठाई मात्र उलटून पत्ता वाचा, बहुधा तुर्कस्तानचाच निघेल. लिरा बदलून घेण्याची गरज नाही, युरो चालतो.

इथे ‘पण ते तुर्कच ना?’ असा प्रश्न येतो. तुर्की सायप्रियट आणि अंकारा, म्हणजे तुर्कस्तानचे सरकार, एक नाहीत. २००४च्या सार्वमतात बेट जोडण्याच्या योजनेला उत्तरेतल्या सुमारे ६५ टक्के मतदारांनी होकार दिला होता. नकार दक्षिणेतून आला, ७६ टक्के. ऑक्टोबर २०२५ च्या उत्तरेतल्या निवडणुकीत तुर्की सायप्रियटांनी दोन वेगळी राष्ट्रे मागणाऱ्या नेत्याला हरवून संघराज्याची भाषा बोलणाऱ्या तुफान एर्हुरमान यांना जवळपास ६३ टक्के मते दिली. लेड्रा स्ट्रीटच्या नाक्यावर बहिष्कार घातला तर तोटा या लोकांचा होतो. अंकाराला त्याची झळही लागत नाही.

याच्या उलट बाजूलाही तथ्य आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अनेक ग्रीक सायप्रियट विस्थापित २००३ मध्ये नाके उघडल्यापासून आजवर एकदाही पलीकडे गेलेले नाहीत. स्वतःच्या देशात, स्वतःच्या गावी जायला पासपोर्ट दाखवणे त्यांना अपमान वाटतो. आपण पासपोर्ट दाखवल्याने भारताची मान्यता ठरत नाही, ती सरकार देते. पण त्यांच्यासाठी तो हिशेब वेगळा आहे. म्हणून दक्षिणेतल्या गाइडने नाक्यापाशी थांबतो म्हटले तर त्याला आग्रह करू नये आणि कारणही विचारू नये.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट. ‘युरोपात शिक्षण’ म्हणून उत्तर सायप्रसच्या कॉलेजांच्या जाहिराती केल्या जातात. ऑफर लेटरवरचे गाव आधी नकाशावर शोधा, आणि तिकिटावर शेवटचा विमानतळ पाहा. तो एर्जान असेल, तर तिथला विद्यार्थी परवाना घेऊन मुलाला दक्षिणेतसुद्धा जाता येणार नाही, बाकीच्या युरोपाची गोष्ट लांबच. आपला उच्चायोग निकोसियाच्या दक्षिण भागात आहे आणि पलीकडच्या प्रशासनाशी भारताचे अधिकृत संबंध नाहीत. फी भरण्याआधी उच्चायोगाला ई-मेल करून विचारावे. एजंटचे तोंडी ‘होऊन जाईल’ पुरेसे नाही.

– सायप्रसच्या सहली आखणारे काही सहल-संयोजक, दादर, मुंबई