स्वीडनमधल्या उप्सालाहून, थंडीतल्या सणांबद्दल

उप्साला,
१८ जानेवारी

प्रिय बायो,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. सासूबाई डिसेंबरपासून इथेच आहेत. त्यांनीही ते दोनदा वाचून घेतलं, कुडाळची खबर त्यांना हवीच असते. तू विचारलंस, "नाताळात तुमच्याकडे झाड, दिवे सगळं असतं म्हणे. मग पोरांना आपलं काही उरेल का गो?" फोनवर उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी इथला अंधार सांगते, त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या आसपास मावळतो. तोही ढगांतून दिसला तर! मुलं काळोखात शाळेत जातात, काळोखातच घरी येतात. पहिल्या हिवाळ्यात मी अगदी खचले होते. कोणाशी बोलावंसं वाटत नसे. अशा एका संध्याकाळी शेजारच्या आजी दारात उभ्या. हातात खिडकीत ठेवायची विजेची दिवली, त्रिकोणी लाकडावर चढउतार सात दिवे. म्हणाल्या, नाताळच्या आधी चार रविवार येतात, त्यातल्या पहिल्यापासून ही लाव आणि पडदा ओढू नकोस, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू दे. ही दिवली तशी अलीकडची, १९३० च्या दशकात गोथेनबर्गमधल्या फिलिप्सच्या एका कर्मचाऱ्याला सुचलेली. आज क्वचितच एखादी खिडकी तिच्याविना असते. बायो, त्या रविवारी गल्लीत मी एकटीच फिरून आले. घरोघरी तोच मंद उजेड, आपल्यापेक्षा जास्त बाहेरच्यासाठी ठेवलेला. तेव्हापासून आमच्या खिडकीतही तो असतो.

१३ डिसेंबरला लूसिया. सिसिलीतल्या सिराक्यूजची ही संत, आणि जुन्या पंचांगात वर्षातली सर्वांत मोठी रात्र हीच धरत. तिच्यासाठी केशराचे पाव करतात. आदल्या संध्याकाळी आजी आमच्याच ओट्याशी आल्या. इथे केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं. ते चिमूटभर साखरेबरोबर खलात कुटायचं, कोमट दुधात सोडायचं, मग मैदा, लोणी, यीस्ट घालून मळायचं. पीठ फुगलं की बोटभर जाडीच्या वळ्या करून दोन्ही टोकं उलटसुलट दिशांना आत गुंडाळायची आणि प्रत्येक वेटोळ्याच्या मधोमध एक मनुका दाबायची. २२५ अंशांच्या भट्टीत सात-आठ मिनिटं, पुढे गेलं की कोरडे पडतात. केशराचा वास सुटला तशा सासूबाई आतून उठून आल्या, हात धुतले आणि न विचारता वळायला बसल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. शेवटच्या ताटातला कोणता पाव कोणी वळला हे मला ओळखता येईना.

सकाळी शाळेच्या अंधाऱ्या सभागृहात आम्ही बसलो होतो. यंदा चिठ्ठीत थोरलीचं नाव निघालं होतं. पांढरा झगा, कमरेला लाल फीत, काळ्याभोर केसांवर दिव्यांचा मुकुट (मुलांसाठी बॅटरीचा असतो), मागे पोरांची रांग, सगळी गात येत होती. धाकटा जिंजरब्रेडच्या तपकिरी वेषात शेवटी. सासूबाईंनी हात जोडले. मला रडू आवरलं नाही, आणि आवरावंसंही वाटलं नाही.

मोठा सण २४ च्या संध्याकाळी. जेवण, भेटी, सगळं तू फोटोंत पाहिलंस. पण एक गोष्ट फोटोत नाही. त्या रात्री तांदूळ दुधात शिजवून खीर करतात, आणि पूर्वी शेतकरी तिची वाटी टोम्टेसाठी बाहेर ठेवत. टोम्टे म्हणजे घरदार, गुरंढोरं सांभाळणारा म्हातारा. एकदा खिरीवर लोणी दिसलं नाही म्हणून त्याने रागाने गाय मारली, आणि मग लोणी तळाशी सापडलं, अशी कथा आहे. सासूबाईंना समजवावं लागलं नाही. "आपलो राखणदारच तो," म्हणाल्या आणि वाटी स्वतः पायरीवर नेऊन ठेवली. लोणी वर, दिसेल असं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. परवाच्या १३ जानेवारीला, संत क्नूटच्या दिवशी, इथला नाताळ संपतो. मुलं झाडाभोवती फेर धरतात, त्यावरचा खाऊ लुटतात आणि झाड घराबाहेर जातं. दुसऱ्या दिवशी आमची संक्रांत. झाडाची रिकामी जागा पुसून मी पाट मांडला, काळी साडी नेसले. तीळ तुर्की दुकानातले, गूळ स्टॉकहोमहून आणलेला. धाकटा वाटी घेऊन एकटा आजींच्या दारी गेला आणि त्यांच्याकडून "गोड गोड बोला" म्हणवून घेतल्याशिवाय परतला नाही. ज्यांच्या दारात आपण तिळगूळ नेतो, त्यांच्या दिव्याला आपण मान द्यायला नको का? मी तरी पोरांना दोन्ही मनापासून करायला शिकवणार. अर्धवट केलेला सणच त्यांच्या लक्षात राहणार नाही, मग तो कोणाचाही असो.

रथसप्तमीला हळदीकुंकू करतेय, आजींच्या ओळखीच्या चौघीही येणार आहेत. पुढच्या महिन्यात तुझा भाऊ इकडे येतोय ना? त्याच्याकडे हलव्याचे दागिने दे, खालच्या मजल्यावरच्या बाळाला पुढच्या संक्रांतीला घालू. आणि डिसेंबरला तू स्वतः ये. व्हिसाचे कागद उन्हाळ्यातच सुरू कर, जाड बूट मी इथे घेऊन ठेवते, फक्त पायाचं माप कळव.

काकींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझीच,
उप्सालाची मैत्रीण