बिनइंजिनाचे पाच तास

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुमचा प्रश्न होता, इंजिन नाही तर ग्लायडर पाच तास वर राहतं कसं? आणि आईचा, खाली कुठे येणार? फोनवर दोन्ही अर्धेच राहिले. आईचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी ज्यासाठी उडणार आहे तो बॅज रुपेरी, एफएआय या हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा. निळ्यावर तीन पांढरे पक्षी. अटी तीन: एकट्याने पाच तास उडायचं, १००० मीटर उंची कमवायची आणि ५० किलोमीटर अंतर कापायचं. 'कमवायची' म्हणजे ग्लायडरला वर ओढून नेणारा दोर सोडल्यानंतर जिथवर खाली आलो, त्या बिंदूपासून वर. दोर ६०० मीटरवर सुटला आणि मग ४५० पर्यंत घसरण झाली, तर १४५० गाठलं की काम झालं. खाली घसरणं इथे फायद्याचंच ठरतं, फक्त थर्मल, म्हणजे वर उठणारा गरम हवेचा झोत, मिळायला हवा!

लोक फसतात ते अंतराच्या हिशेबात. १०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराला सुरुवात (दोर सोडला ती जागा) आणि शेवट यांच्या उंचीतला फरक अंतराच्या १ टक्क्याहून जास्त चालत नाही. ५० किलोमीटरला ५०० मीटर. आता समजा, उतरायचं मैदान निघालो त्यापेक्षा १२० मीटर खाली आहे. मग आपल्या धावपट्टीपासून ३८० मीटरच्या आतच दोर सोडायला हवा. हे विसरून कुणी आरामात ६०० वर दोर सोडतो, मस्त उड्डाण करतो, आणि कागदावर सगळं बाद. म्हणून हे गणित आदल्या रात्रीच करायचं, समुद्रसपाटीपासूनच्या उंच्या धरून, आणि आकडा पट्टीवर लिहून पॅनेलला चिकटवायचा.

वर राहण्याचं तंत्र म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेत गोल फिरत राहणं. ताशी १०० किलोमीटर वेगाला ३० अंश कलून फिरलं तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे १३५ मीटर, ४५ अंशांना ८० च्या आत. थर्मलचा गाभा अरुंद असतो, म्हणून नवख्याने कलायला घाबरू नये. मात्र वेग धरून ठेवायचा आणि सतत बाहेर बघायचं, कारण त्याच थर्मलमध्ये इतरही असतात.

पाच तास मोजले जातात दोर सुटल्यापासून, उड्डाणापासून नव्हे. ४ तास ५५ मिनिटांवर उतरलेल्यांची हळहळ ऐकण्यासारखी असते. पंधरा मिनिटं जास्तच राहावं. दुपारी एकनंतर निघालं तर संध्याकाळी थर्मल विझतात आणि वेळ अपुरा पडतो. पाणी दोन-तीन लिटर आणि लघवीची पिशवी (आई, हसू नकोस). लघवी टाळायला पाणी कमी पिणारा चौथ्या तासाला चुकीचे निर्णय घेऊ लागतो, आणि ते त्याचं त्याला कळत नाही.

निघण्याआधी पंखांचे मुख्य पिन बसलेत का ते बघायचं. मग कुणाला तरी बाहेरून पंख-शेपटीवरचा प्रत्येक हलणारा पृष्ठभाग हाताने अडवून धरायला सांगायचं आणि आतून नियंत्रणाची दांडी हलवायची. जोडणी सुटी राहिली असेल तर इथेच कळते. एअरब्रेक, म्हणजे पंखांवर उघडून ग्लायडरला खाली आणणाऱ्या पट्ट्या, बंद करून खटका बसवायचा. तो राहिला तर दोरावर असताना ब्रेक आपोआप उघडतात आणि चढणं खुंटतं. उड्डाणाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर सुरू आहे हे ऑब्झर्व्हरला, म्हणजे उड्डाण प्रमाणित करणाऱ्या निरीक्षकाला, दाखवायचं. त्याच्या सहीशिवाय सगळं उड्डाण नुसतं सहलीचं.

आता आईचं. जमिनीपासून ६०० मीटर उरले की फक्त शेतांच्या टापूवर राहायचं. ४५० वर एक शेत पक्कं करायचं, ३०० वर उतरण्याचा फेरा सुरू. मग खाली थर्मल मिळाला तरी मोह नाही. या मोहात अपघात होतात. शेत लांब हवं, वाऱ्याकडे तोंड करून उतरता येईल असं, उतार असेल तर चढाकडे तोंड करून उतरायचं, पीक कापलेलं. गुरं दिसली तर ते शेत नको. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहे असंच धरायचं.

घरी परतण्याचा हिशेबही असाच कंजूष. पुस्तकात ग्लायडर १ ला ३० जातं, म्हणजे १ मीटर उतरताना ३० मीटर पुढे, तर मी १ ला २० धरते, म्हणजे किलोमीटरला ५० मीटर, वर ३०० मीटर उतरण्याच्या फेऱ्यासाठी. २० किलोमीटरवरून १३०० मीटर हातात नसतील तर घराकडे नाक करायचं नाही.

शेतात उतरणं फजिती समजली जात नाही. पंख काढून ट्रेलरवर चढवायचे आणि परत यायचं. तेव्हा उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळी माझा फोन उशिरा आला, तर मी कुठल्यातरी बांधावर बसून ट्रेलरची वाट बघते आहे असं समजा.

तुमची,
लेक