कीड लागण्याआधीच झाड हरलेले असते

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्याकडेचा जुना कडुनिंब किंवा आंबा उभ्या उभ्या वाळू लागला की ‘कीड लागली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. कीड लागते हे खरे आहे. पण ती त्याच झाडाला का लागली आणि शेजारच्या झाडाला का लागली नाही, हे कोणी विचारत नाही. याच प्रश्नाकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा सर्वांत सखोल अभ्यास थंड प्रदेशांतील पाइन आणि स्प्रूस या वृक्षांवर झाला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९०च्या दशकाच्या अखेरीस तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भुंगेऱ्याची साथ बळावली आणि पुढील काळात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला तिची कमी-अधिक झळ पोहोचली. ज्या झाडांवर हे संकट आले ती निमूटपणे उभी नव्हती. पाइनच्या सालीत आणि खोडात राळेने भरलेल्या बारीक नलिका असतात व त्यांतली राळ दाबाखाली असते. भुंगेऱ्याने साल पोखरताच ती त्या भोकातून बाहेर ढकलली जाते, किडा तिच्यात अडकतो आणि खोडावर पिवळसर गोळा साचतो. तो फोडला तर कधी कधी आत मेलेला भुंगेरा सापडतो. एवढ्यावर झाड थांबत नाही. भोकाभोवतीच्या स्वतःच्या जिवंत पेशी ते मारून टाकते आणि तो भाग विषारी द्रव्यांनी भरून काढते, म्हणजे भुंगेऱ्याबरोबर आलेल्या बुरशीला पुढे सरकायला वाट राहत नाही.

भुंगेराही कच्चा नसतो. राळेतल्याच एका घटकापासून तो असा गंध तयार करतो की त्याचे शेकडो भाईबंद त्याच झाडावर तुटून पडतात. मग सामना राळ किती आणि भुंगेरे किती, यावर येऊन ठेपतो. निरोगी झाडाला नमवायला खूप मोठी झुंड लागते, तहानलेल्या झाडाला थोडे भुंगेरे पुरतात. कारण राळ झाडाने तयार केलेल्या अन्नातूनच बनते. पाणी कमी पडले की पानांची रंध्रे मिटतात, अन्न घटते आणि नलिकांतला दाबही उतरतो. २०१८च्या अवर्षणानंतर जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकात स्प्रूसची जंगले भुंगेऱ्यांपुढे का कोसळली, याचे मोठे कारण हेच आहे.

खानदेशात पाइन नाही, पण हा झगडा आपल्याला परका नाही. सातपुड्यातील सालई या झाडाला जखम झाली की सुगंधी, चिकट स्राव वाहतो. धावडा आणि बाभूळ डिंक सोडतात. तो डिंक आपल्याला विकायला किंवा लाडवांत घालायला मिळतो, झाडाच्या दृष्टीने मात्र तो जखमेवरचा खर्च असतो. शेजारच्या मध्य प्रदेशात १९९७-९८च्या सुमारास शालवृक्षांवर खोडकिड्याची प्रचंड साथ आली आणि लाखो झाडे तोडावी लागली. तो किडा वेगळ्या कुळातला असला, तरी जोमदार शालवृक्ष आत शिरणाऱ्या अळ्यांना राळेतच बुडवतो, हे तिथेही दिसले आहे.

आमच्या साक्री भागातील डाळिंब बागायतदारांना तर पाइनवरच्या भुंगेऱ्यांचे सख्खे भाऊबंद चांगलेच माहीत आहेत. खोडावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे आणि त्यांतून पडणारा बारीक भुसा दिसला की आपण कीटकनाशक मिसळलेला गेरूचा लेप लावतो. लेप लावावाच; पण हा किडा संकटातल्या झाडाकडे ओढला जातो, कारण अशा झाडातून सुटणारा अल्कोहोलचा गंध त्याला लांबून कळतो. पाणी साचलेल्या बागेत हे विशेष घडते. बहार धरण्यासाठी ताण देणे, म्हणजे झाडाचे पाणी काही काळ तोडणे, भाग असते, हे मी शेतकरी म्हणून जाणतो. तरीही हलक्या, मुरमाड जमिनीत तो ताण लांबवणे आणि भारी जमिनीत निचऱ्याकडे दुर्लक्ष करणे, या दोन्ही गोष्टी झाडाची ताकद खाणाऱ्या आहेत, असे माझे ठाम मत आहे.

गावातल्या झाडांचे आपण याहून वाईट हाल करतो. बुंध्याला चिकटेपर्यंत काँक्रीट ओततो, गटारीसाठी मुळे तोडतो, फलकांसाठी खिळे ठोकतो आणि बुंध्याशी कचरा पेटवतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात अशा झाडाने राळ किंवा डिंक आणायचा कुठून?

म्हणून धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील नगरपालिका व ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे, की रस्त्याचे काम काढताना प्रत्येक झाडाभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवण्याची अट ठेकेदाराच्या करारातच घालावी आणि ती पाळली गेली की नाही हे बिल काढण्यापूर्वी तपासावे. वन विभागाने सालईच्या खोडावर खोल घाव घालून डिंक काढणे थांबवावे आणि एकदा डिंक काढलेल्या झाडाला पुरेशी विश्रांती मिळते की नाही, हे जागेवर जाऊन पाहावे.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक,
ता. साक्री, जि. धुळे